फ्रिजपर्यंत ओढत नेणारा हात

वाचकांचे प्रश्न
(या सदरात उत्तरं देणाऱ्या ताई गेली 24 वर्षं सांगलीत स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करतात.)

प्रश्न : नमस्कार मॅडम. आम्ही बार्शीला राहतो. माझा मुलगा पावणेपाच वर्षांचा आहे. सव्वा वर्षाचा असताना ‘आई’, ‘काऊ’, ‘मंमं’ म्हणायचा. दीड वर्षानंतर हे शब्द हळूहळू गेले ते परत आलेच नाहीत. तिसऱ्या वर्षी सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑटिझम (स्वमग्नता) सांगितला. आठवड्यातून दोनदा एसटीने त्याला सोलापूरला स्पीच थेरपीला नेते. पाऊण तास सेशन चालतं, मी बाहेर बाकावर बसते. काही हवं असलं की माझा हात धरून फ्रिजपर्यंत ओढत नेतो, पण बोलत नाही. मला कळलं नाही तर जमिनीवर डोकं आपटतो. डब्यांची झाकणं गरागरा फिरवत तास तास बसतो. सासूबाई दिवसभर ‘आई म्हण, आज्जी म्हण’ करत मागे असतात. चित्रांवरून शिकवतात असं ऐकलंय, पण शेजारच्या काकू म्हणाल्या, चित्रांची सवय लागली तर तो जन्मभर मुका राहील. मिस्टरांच्या मित्राने स्टेम सेलची ट्रीटमेंट सुचवली आहे. त्यासाठी गावाकडची अर्धा एकर जमीन काढायचं घरात चाललंय. तो बोलेल का हो? आणि तोवर मी काय करू?
— एक आई, बार्शी

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली. ‘माझा हात धरून फ्रिजपर्यंत ओढत नेतो, पण बोलत नाही.’ यातला ‘पण’ मला खोडून टाकावासा वाटला. एवढ्या मोठ्या घरातून तो नेमकी तुम्हाला शोधतो. तुमचा हात फ्रिज उघडू शकतो हे त्याला माहीत आहे. त्याला काहीतरी हवंय, ते तुमच्याकडून मिळेल, आणि तुम्हाला कळवलं पाहिजे, या तिन्ही गोष्टी त्याला उमगल्यात. बोलण्याचं मूळ इथेच असतं. शब्द त्यावर मागाहून येतो, काही मुलांना लवकर, काहींना फार उशिरा. म्हणून उद्यापासून त्याने हात ओढला की ‘बोल ना रे’ म्हणू नका. त्याच्याबरोबर जा, दार उघडा, तो जिकडे बघतोय ती वस्तू हातात घ्या आणि एकदाच, स्वच्छ म्हणा, ‘दही.’ की लगेच वाटी त्याच्या हातात.

आधी दोन तपासण्यांचं बोलते, कारण पत्रात त्यांचा उल्लेख नाही. कानाची बेरा टेस्ट झाली आहे का? मिक्सरच्या आवाजाला मूल कान झाकतं, म्हणजे त्याला ऐकू येतं, असं बऱ्याच घरांत सांगतात. तेवढ्यावर विसंबू नका. काही आवाज ऐकू येऊन बोलण्यातली व्यंजनं ऐकू न येणारी मुलं मी पाहिली आहेत. दुसरं, आलेले शब्द गेले, हे मेंदूविकार तज्ज्ञांना मुद्दाम सांगा. ऑटिझममध्ये दीड-दोन वर्षांच्या सुमाराला काही मुलांचे शब्द जातातच, पण क्वचित झोपेतल्या फिट्समुळेही बोलणं जातं आणि त्या वरून दिसत नाहीत. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) करायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. शब्द जाण्यात तुमची काही चूक नाही. मोबाइल दिला म्हणून, नोकरी केली म्हणून, बाळंतपणात हे खाल्लं म्हणून, असलं कुणी सुनावलं तर ऐकून सोडून द्या.

आता ‘आई म्हण, आज्जी म्हण’. सासूबाईंची तळमळ मला समजते, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे आणि मला तर ती शिकलेली असून झाली. कामाला लागून दोन वर्षं झाली असतील. तासगावकडचा चार वर्षांचा एक मुलगा यायचा, वडील एसटीत कंडक्टर. त्याला क्रीमची बिस्किटं फार आवडायची. मी बिस्किट माझ्या ओठांजवळ धरायची आणि म्हणायची, ‘बि… बि… म्हण.’ तो हात पुढे करायचा, मी बिस्किट मागे घ्यायची. आवाज काढल्याशिवाय द्यायचं नाही असंच तेव्हा आम्ही धरून चाललो होतो. दोन आठवडे तो रडला. तिसऱ्या आठवड्यात रडायचा थांबला, तेव्हा मी खूश झाले, म्हटलं रुळला. नंतर त्याच्या आईने सांगितलं की घरीसुद्धा त्याने काही मागणंच सोडलंय. भूक लागली तरी भिंतीशी जाऊन बसतो. पुढे केलेल्या हातालाच मी नकार देत होते. त्या मुलाला पुन्हा हात पुढे करायला शिकवायला आम्हाला पाच महिने लागले. त्यानंतर मी कोणत्याही मुलाचा खाऊ शब्दासाठी अडवला नाही, आणि कुणी अडवायला सांगितला तर मी त्या आईला नको म्हणून सांगते.

सासूबाईंना रागावू नका, त्यांना दुसरं काम द्या. पंधरा दिवस घरात परीक्षा बंद. ‘हे काय आहे?’, ‘काऊ कुठाय?’, ‘म्हणून दाखव पाहू’, यातलं काही नाही. त्याऐवजी तो जे करतोय त्याला शब्द द्यायचा. झाकण फिरतंय तर ‘गरगर’. पडलं तर ‘धप्प’. पाणी सांडलं तर ‘सांडलं’. एका वेळी एक-दोन शब्द, जास्त नाही. आपल्या मराठीत तान्ह्या मुलांसाठी केवढी सोय करून ठेवली आहे बघा : मंमं, भूर, गाई, बाऊ, शी, पापा. बहुतेक ओठांनी किंवा घशातून सहज निघणारे आवाज आणि प्रत्येकाला ठरलेला अर्थ. पाच वर्षांच्या मुलाशी बोबडं कशाला बोलायचं म्हणून घरोघरी हे शब्द बंद करतात. तुम्ही करू नका. हे शब्द सासूबाईंइतके सुंदर तुम्हा-मला म्हणता येणार नाहीत, तेव्हा ते त्यांच्याकडे सोपवा.

झाकणांचं वाईट वाटून घेऊ नका. ती काढून ठेवायचीही गरज नाही. त्याच्या शेजारी जमिनीवर बसा. एक झाकण तुम्ही फिरवा, ‘गरगरगर’ म्हणा आणि ते थांबायच्या आत वरून तळहात ठेवून थांबवा. मग गप्प बसा. मनात दहापर्यंत आकडे मोजा. आई-वडिलांना सर्वांत अवघड जातं ते हेच, गप्प बसणं. तिसऱ्या सेकंदाला आपण ‘अजून हवं का?’ म्हणून मोकळे होतो आणि त्याची पाळी खाऊन टाकतो. दहा मोजेपर्यंत तो तुमच्याकडे बघेल, किंवा तुमचा हात ढकलेल, किंवा ‘उं’ करेल. काहीही चालेल. ‘अजून!’ म्हणा आणि फिरवा. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं. पंख्याचं बटण, फुगा, साबणाचे फुगे, अंगाखांद्यावर घेऊन करायच्या गुदगुल्या, कशावरही हा खेळ चालतो. अट एवढीच की खेळ त्याच्या आवडीचा हवा, तुमच्या नव्हे.

चित्रांबद्दल शेजारच्या काकू जे म्हणाल्या ते मी गेली 24 वर्षं ऐकते आहे. डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलं आहे. मूल भिंत धरून उभं राहायला लागलं की आपण पांगुळगाडा देतो. गाडा मिळाला म्हणून कुठलं पोर चालायला विसरलं? 2006 साली तीन संशोधकांनी यावरचे जुने अभ्यास एकत्र तपासले होते. विकासात मागे राहिलेल्या, बोलता न येणाऱ्या लोकांना चित्रं, खुणा किंवा यंत्रं दिल्यावर त्यांच्या बोलण्याचं काय झालं, हा प्रश्न. ज्या 27 जणांच्या नोंदी सर्वांत भक्कम होत्या, त्यांतल्या 89 टक्के लोकांचं बोलणं वाढलं. उरलेल्यांचं होतं तसंच राहिलं. कमी एकाचंही झालं नाही. वाढ बहुतेकांची थोडीच होती, हेही सांगितलं पाहिजे. 2014 मध्ये अमेरिकेत 5 ते 8 वर्षांच्या, जेमतेम काही शब्द असलेल्या 61 ऑटिस्टिक मुलांवर काम झालं. खेळातून शिकवण्याच्या जोडीला ज्यांना पहिल्या दिवसापासून बोलणारं यंत्र दिलं, ती मुलं आपणहून जास्त बोलू लागली. कारण मला तरी सरळ दिसतं. आपलं म्हणणं पोचतं हे कळलं की मूल पुन्हा पुन्हा सांगायला येतं, आणि दर वेळी चित्राबरोबर तो शब्द त्याच्या कानावर पडतो.

सुरुवात अशी करा. त्याच्या खऱ्या वस्तूंचे मोबाइलवर फोटो काढा. त्याचीच वाटी, त्याचाच पेला, तुमच्याच घरातला फ्रिज. नेटवरचं गुळगुळीत सफरचंद नको, ते त्याने कधी खाल्लेलं नाही. फोटो काडेपेटीपेक्षा थोडे मोठे छापून लॅमिनेट करा, मागे वेल्क्रो लावा (शिवणकामाच्या साहित्याच्या दुकानात मिळतं) आणि एका जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. पहिल्या आठवड्यात एकच फोटो, त्याच्या सर्वांत लाडक्या खाऊचा. यासाठी दोन माणसं लागतात. तुम्ही समोर, एका हातात खाऊ, दुसरा तळहात उघडा. सासूबाई किंवा मिस्टर त्याच्या मागे. तो खाऊकडे झेपावला की मागच्या माणसाने न बोलता त्याचा हात फोटोवर न्यायचा, उचलायला लावायचा, तुमच्या तळहातावर ठेवायला लावायचा. फोटो हातात पडला रे पडला की तुम्ही खाऊचं नाव घ्यायचं आणि खाऊ द्यायचा. ‘चित्र दे’ म्हणायचं नाही, ‘काय हवंय?’ विचारायचं नाही. मागच्या माणसाने आपली मदत रोज थोडी थोडी काढून घ्यायची. ही पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट या दोघांनी 1985 मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात ऑटिस्टिक मुलांसाठी बसवली. तिला पेक्स म्हणतात. तुमच्या थेरपिस्टना हे नाव सांगा, पुढच्या पायऱ्या त्यांच्याकडून नीट शिकून घ्या.

चार-पाच फोटो जमले की लगेच ‘नको’ द्या. बहुतेक घरांत खाऊची वीस चित्रं होतात, ‘नको’चं एकही नसतं. मग नको असलं तर मुलाने करायचं काय? ताट भिरकावणं किंवा डोकं आपटणं, एवढंच त्याच्या हातात उरतं. ‘नको’, ‘संपलं’, ‘थांब’, ‘मदत कर’, ‘दुखतंय’ हे शब्द दह्या-बिस्किटांहून मोलाचे आहेत, आणि त्याने ‘नको’ दाखवलं तर सुरुवातीला तरी ते ऐकायचंच. औषध आणि रस्ता ओलांडणं सोडून.

‘दुखतंय’वरून एक आठवलं. माझ्याकडे येणारा नऊ वर्षांचा एक मुलगा चार दिवस स्वतःच्या थोबाडीत मारत होता. शाळेने ‘बिहेवियर वाढलंय’ म्हणून त्याला घरी बसवलं. पाचव्या दिवशी त्याने पुठ्ठ्यावरचं ‘दुखतंय’ काढून आईला दिलं आणि तिचा हात आपल्या कानावर नेला. कान आतून पिकला होता. ते चित्र आम्ही त्याला दीड वर्षापूर्वी दिलं होतं आणि तोवर त्याने एकदाही वापरलं नव्हतं. त्याची आई मात्र दर वेळी त्याला खरचटलं की स्वतः त्या चित्रावर बोट ठेवून ‘दुखतंय’ म्हणायची, उत्तराची वाट न बघता. म्हणून सांगते, चित्रं त्याने वापरायची आहेत तशी आपणही वापरायची. सासूबाईंचा गुडघा दुखला की त्यांनीसुद्धा त्या चित्रावर बोट ठेवावं. आपण त्याच्याशी पाच वर्षं तोंडाने बोललो, आता त्याच्या भाषेत थोडं बोलून दाखवू. पुठ्ठा कपाटात जाता कामा नये. एक फ्रिजवर, एक मोरीत, एक एसटीच्या पिशवीत.

पुढे चित्रं वाढली की टॅबचा विचार करा. मुंबईच्या आयआयटीतल्या डिझाइन विभागाने ‘जेलो’ नावाचं अ‍ॅप केलं आहे. ते मोफत आहे आणि मराठीतही बोलतं. चित्रावर बोट ठेवलं की शब्द ऐकू येतो. चेन्नईला तयार झालेलं ‘आवाज’ हे दुसरं, त्याला पैसे पडतात. कोणतंही घ्या, पण कार्टून बघायचा मोबाइल वेगळा आणि बोलायचा टॅब वेगळा. बोलायचा टॅब शिक्षा म्हणून काढून घ्यायचा नाही. आपण मूल हट्ट करतं म्हणून त्याच्या तोंडाला चिकटपट्टी लावत नाही ना?

एक सावधगिरी. कुणी मुलाचं मनगट किंवा कोपर धरून त्याच्याकडून अक्षरं टाइप करून घेत असेल आणि पानंच्या पानं लिहून होत असतील, तर तिथून उठा. तपासून पाहिलं तेव्हा ते शब्द हात धरणाऱ्याचे निघाले आहेत. बोट त्याचं हवं आणि त्यावर दुसऱ्याचा हात नको.

तो बोलेल का? हे तुम्ही ज्या शब्दांत विचारलंय ते वाचून मी बराच वेळ बसून होते. मी त्याला पाहिलेलं नाही आणि पाहिलं असतं तरी शब्द दिला नसता. जे माहीत आहे ते सांगते. चार वर्षांचे होईपर्यंत ज्यांना वाक्य जोडता येत नव्हतं, अशा 535 ऑटिस्टिक मुलांची माहिती 2013 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. त्यांतली 70 टक्के मुलं आठव्या वर्षापर्यंत दोन-तीन शब्द जोडून बोलायला लागली होती, आणि 47 टक्के सहज बोलत होती. तेव्हा ‘पाच वर्षांनंतर बोलत नाहीत’ असं कुणी म्हटलं तर ते खरं नाही. माझ्याकडच्या एकाचा पहिला शब्द सातव्या वर्षी आला, ‘नको’. काही मुलं मात्र कधीच तोंडाने बोलत नाहीत. पहिल्यांदा भेटला तेव्हा सहा वर्षांचा असलेला एक मुलगा आता 19 वर्षांचा आहे. मिरज रस्त्याला वडिलांचं किराणा दुकान आहे, तिथे तो पुड्या बांधतो. त्याला आजही एक शब्द बोलता येत नाही. मागच्या महिन्यात मी साखर घ्यायला गेले तर त्याने टॅबवर तीन चित्रं दाबली : ‘मॅडम’, ‘चष्मा’, ‘नवा’. माझा चष्मा नवा होता आणि घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्या आईला विचारा, तिचा मुलगा बोलतो की नाही.

जमीन विकू नका. हे मी हात जोडून सांगते आहे. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचार करू नयेत, अशी शिफारस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने डिसेंबर 2022 मध्ये जाहीर केली आहे. त्याचा उपयोग होतो याला पुरावा नाही. ज्यांनी लाखो रुपये भरले अशा चार घरांतली मुलं मी नंतर पाहिली आहेत. एकाही घरात शब्द आला नव्हता, कर्ज तेवढं आलं होतं. मिस्टरांना रागाने सांगू नका. बापाला काहीतरी मोठं करून दाखवायचं असतं. पेक्समधलं मागे बसायचं काम त्यांना द्या. ते खरंच मोठं काम आहे.

सोलापूरच्या थेरपिस्टना विनंती करा की मला आत बसू द्या. पाऊण तास बाहेरच्या बाकावर बसून तुम्हाला काहीच मिळत नाही, आणि उरलेला सगळा आठवडा तो तुमच्याजवळ असतो. आई आत असली की मूल लक्ष देत नाही, अशी सबब काही केंद्रं सांगतात. माझा अनुभव उलटा आहे. थेरपिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायलाही संकोच करू नका, आम्हाला राग येत नाही.

सरकारी कागदांचं थोडक्यात : अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंग व्यक्तीचं सरकारी ओळखपत्र) काढा, अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात ऑटिझम धरलेला आहे. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीचा काही खर्चही धरला जातो. जिल्हा रुग्णालयात लवकर निदानाचं केंद्र आहे का याची चौकशी करा, तिथे तपासणीला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : माझा नातू तीन वर्षांचा आहे. मुलगा-सून पुण्यात असतात, सध्या मे महिन्यासाठी इकडे आले आहेत. पोरगा हाक मारली तर वळत नाही, बोट करून काही दाखवत नाही, एक शब्द बोलत नाही. आमच्या घराण्यात सगळेच उशिरा बोलले, त्याचा बाप साडेतीन वर्षांचा झाल्यावर बोलला. जीभ जड असेल म्हणून आमच्या हिने वेखंड लावून पाहिलं. कुणी म्हणतं, जिभेखालची शीर कापावी, कुणी म्हणतं, पोपटाने उष्टावलेला पेरू द्यावा. सून मात्र डॉक्टरकडे जायचं म्हणते. आम्ही थांबायला सांगतो आहोत. योग्य काय?
— एक आजोबा, चिपळूण

उत्तर : आजोबा, सूनबाईंचं ऐका. या आठवड्यात ऐका, मे महिना संपायची वाट बघू नका.

उशिरा बोलणारी मुलं असतात, तुमचा मुलगा तसा असेल. पण अशी मुलं तोंड उघडत नसली तरी बाकी सगळं करतात. हाकेला वळतात, आकाशात विमान दिसलं की बोट करून तुमच्याकडे बघतात, तुम्हाला ओढत नेऊन मांजर दाखवतात. तुमच्या पत्रात शब्द नसण्यापेक्षा मला जास्त काळजी वाटली ती बोट न करण्याची. जिभेची शीर आखूड असली तर ‘र’ आणि ‘ल’ कदाचित नीट येणार नाहीत, पण हाकेला न वळण्याशी तिचा काही संबंध नाही. ती कापून मूल बोलायला लागत नाही. वेखंड आता बंद करा, त्याने शब्द येत नाही. पेरू त्याला आवडत असेल तर धुऊन, ताजा द्या.

पहिली तपासणी कानाची, मग बालरोगतज्ज्ञ. निदान काहीही निघो, मदत आजपासून करायची. तुमच्या पडवीत झोपाळा असेलच. त्याला मांडीवर घेऊन बसा, चार झोके द्या आणि पाय टेकवून झोपाळा थांबवा. काही बोलू नका. तो अंग हलवेल, वळून तुमच्याकडे बघेल, पायाने जमीन रेटेल. की लगेच ‘झुल!’ म्हणून पुन्हा झोका. आमच्या दवाखान्यात हेच करायला आम्ही महागडी उपकरणं घेतो, आणि मला नेहमी वाटतं की कोकणातल्या आजोबांकडे ते आधीपासून आहे.

प्रश्न : आम्ही शारजात राहतो. मुलगी पाच वर्षांची, ऑटिस्टिक. स्वतःहून बोलत नाही. ऐकलेलं मात्र जसंच्या तसं म्हणते. तहान लागली की ‘डू यू वॉन्ट वॉटर?’ असं मलाच विचारते. इथल्या सेंटरमध्ये सांगितलं की दोन भाषांनी ती गोंधळते, घरी फक्त इंग्लिश बोला. आम्ही वर्षभर तसंच केलं. माझ्या आईला इंग्लिश येत नाही, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर ती नातीशी आता काहीच बोलत नाही, नुसती बघते. हे बरोबर करतोय का?
— एक आई, शारजा

उत्तर : ताई, ही सूचना गेली कित्येक वर्षं मराठी घरांना दिली जाते आहे आणि तिने फार नुकसान केलं आहे. दोन भाषांच्या घरात वाढणाऱ्या आणि एकाच भाषेच्या घरात वाढणाऱ्या ऑटिस्टिक मुलांची तुलना अनेक देशांत झाली. दोन भाषांमुळे त्यांचं बोलणं आणखी मागे पडतं असं आढळलेलं नाही. उलट, आई आपली नसलेल्या भाषेत बोलायला लागली की ती कमी बोलते, सूचनाच जास्त देते. लाड, चिडवणं, अंघोळीच्या वेळची बडबड, सगळं गळतं. मुलीला मिळायची ती नेमकी हीच भाषा. सेंटरमध्ये त्यांना इंग्लिश बोलू द्या. तुम्ही आजपासून मराठीत या.

‘डू यू वॉन्ट वॉटर?’ हे तुम्ही निरर्थक समजू नका. तिच्या लेखी पाणी मिळताना कानावर पडणारं वाक्य म्हणजेच पाणी मागायचं वाक्य. ती मागतेच आहे, लगेच पाणी द्या. फक्त यापुढे तिच्याशी बोलताना प्रश्न विचारण्याऐवजी तिने जे म्हणायला हवं तेच तिच्या वतीने म्हणा. ‘तुला पाणी पाहिजे का?’ असं म्हणालात तर तेच परत येईल. ‘पाणी पाहिजे’ म्हणा, आणि पेला द्या. इथे मराठीचा एक फायदा आहे. ‘मला’, ‘तुला’ गाळलं तरी वाक्य पुरं होतं, त्यामुळे मी-तूचा घोळ या मुलांना जो छळतो तो पुढे ढकलता येतो. ‘भूक लागली’, ‘नको आता’, ‘उघडून दे’, ‘कडेवर घे’. तिने जसंच्या तसं उचललं तरी बरोबरच बसेल अशी वाक्यं शोधून ठेवा. घरात सगळे एकच वाक्य म्हणू द्या, बाबा ‘हवंय’ आणि तुम्ही ‘पाहिजे’ असं नको, निदान पहिले काही महिने.

आणि आईला आज रात्रीच फोन करा. त्यांना सांगा, प्रश्न विचारू नका, ‘ओळखलंस का मला’ नको. रोज त्याच वेळी, कॅमेऱ्यासमोर तेच एक करा. पोळी लाटताना दाखवा, पिठाचा गोळा आपटताना ‘थप्प’ म्हणा. पहिले दहा-बारा दिवस ती बघणारही नाही. तरी रोज थप्प. मग एक दिवस गोळा हातात घेऊन वर धरायचा आणि आपटायचा नाही, नुसतं थांबायचं.